'नाही' म्हणणाऱ्याचं नाव पण स्क्रीनवर टाका ना साहेब

प्रति,
मा. मुख्यमंत्री, मा. महसूलमंत्री, मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री, आणि आमच्यासाठी पोर्टल-ॲप बनवणारे, बनवून घेणारे, त्याचे आकडे वर पाठवणारे सगळे साहेब आणि मॅडम,
महाराष्ट्र शासन, मुंबई.

विषय: ऑनलाइन अर्ज अडकला तर नेमकं कुणाला भेटायचं, हे लिहून मिळणेबाबत.

साहेब, मॅडम, नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातली, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावातली. डीएड झालंय, भरतीची वाट बघत घरची शेती बघते, आणि मोबाइल बरा चालवता येतो म्हणून निम्म्या गल्लीचे ओटीपी माझ्याकडंच येतात. सेवा केंद्र माझं नाही, कुठलं सरकारी लॉगिन माझ्याकडं नाही, फक्त "ताई जरा बघ ना हे काय म्हणायलंय" असं कुणी म्हणलं की बघते. बघून बघून जे साठलंय ते एकदा तुमच्यापर्यंत पोचवावं म्हणून लिहायला बसले.

आधी चांगलं सांगते, नायतर म्हणाल मराठवाड्यातले लोक नुसते रडायलेत.

सातबारा घ्या. आमचे आबा सांगतात, पीककर्जाचा टाइम आला की सज्जावर तलाठी कधी येणार याची चौकशी करण्यातच दिवस जायचे, भाऊसाहेबांकडं (तलाठ्याला आम्ही भाऊसाहेबच म्हणतो) तीन-चार गावं, आज इथं तर उद्या तिथं, आणि ते सापडलेच तर दप्तर दुसऱ्या गावात राहिलेलं. १ मे २०१८ ला डिजिटल सहीचा सातबारा आला, १५ रुपये भरायचे, रात्री अकरा वाजता पण निघतो, शिक्का मारायला कुणाच्या मागं फिरायचं नाही, बँकवाले मुकाट घेतात. ही साधी गोष्ट नाही, ज्यांनी केलं त्यांना खरंच हात जोडते. फेरफाराच्या नोटिसा 'आपली चावडी'वर दिसतात, म्हणजे लग्न होऊन पुण्याला गेलेल्या पोरीला गावाकडच्या जमिनीतून आपलं नाव कुणी गुपचूप काढायला निघालंय का हे तिथं बसून कळू शकतं, मुदतीत हरकत घेता येऊ शकते. (कळतं का हा वेगळा प्रश्न, अशी काही साइट आहे हेच पोरींना माहीत नसतं, आणि भाऊ कशाला सांगतील.) २०२५ च्या एप्रिलपासून जिवंत सातबारा मोहीम राज्यभर घेतली, वर्षानुवर्षं मयत माणसाच्या नावावर पडलेल्या जमिनीला वारसांची नावं लावायला तलाठी स्वतः गावात बसले. हे पण चांगलं.

आणि एक गोष्ट जिचं श्रेय कुणी देत नाही. २०२३ मध्ये मराठा-कुणबी नोंदी शोधायला नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीच्या निमित्तानं निजामकाळातली जुनी कागदं बाहेर निघाली. त्या वादात मी पडत नाही, आरक्षणाचं ज्याचं त्यानं बघावं, मला त्यातलं काम दिसलं. मोडी वाचणारे शोधले, उर्दू वाचणारे शोधले, तहसीलच्या, शाळांच्या दप्तरातले पिवळे पडलेले कागद स्कॅन केले आणि जिल्ह्यांच्या वेबसाइटवर टाकले. म्हणजे सरकारनं मनावर घेतलं तर आज्ज्या-पणज्याचा कागद सरकार स्वतः शोधून काढतं, हे आम्ही डोळ्यानं बघितलंय. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तर मग अडचण काय? अडचण अशी आहे की तुमची सगळी सिस्टीम 'हो' म्हणायसाठी बनवलीय. नाव जुळतंय, आधार बँकेला लिंक आहे, अंगठा उमटतोय, मोबाइल नंबर बदललेला नाही, तर काम झटक्यात होतं, खरंच होतं. पण ज्याचं यातलं एक जरी काही जुळत नाही त्याच्यासमोर ती एकदम मुकी होते. लाल अक्षरात एक ओळ येते, तीही कधी इंग्रजीत, आणि पुढं काही नाही. का नाही, कोण नाही म्हणलं, आता कुणाकडं जायचं, किती दिवसांत उत्तर येणार, कशाचाच पत्ता नाही.

आमच्या चुलतीचं सांगते. सातबारा हातानं लिहिलेला होता तेव्हा तिचं नाव बरोबर होतं. कॉम्प्युटरवर चढवताना टाइप करणाऱ्यानं नावाची पार वाट लावली, वर नवऱ्याच्या नावाच्या जागी सासऱ्याचं नाव बसवलं. इतकी वर्षं त्यानं काही अडलं नाही, कारण भाऊसाहेबांना, सोसायटीच्या सेक्रेटरीला, बँकेच्या शिपायाला, सगळ्यांना माहीत होतं ही कोण, कुणाची सून, कुठलं शेत. मग आला फार्मर आयडी, म्हणजे आधार आणि सातबारा जोडून मिळणारा शेतकऱ्याचा ओळख क्रमांक, १५ एप्रिल २०२५ पासून शेतीच्या योजनांना तो सक्तीचा झाला, आणि मशीनला चुलती माहीत नाही. आधारवरचं नाव वेगळं, सातबाऱ्यावरचं वेगळं, अर्ज लटकला.

चुलती सेवा केंद्रात गेली, तो म्हणला माझ्या लॉगिनला एवढंच दिसतं काकू, तलाठ्याकडं जा. भाऊसाहेब म्हणले माझ्याकडं अप्रूव्हलला आलेलाच नाही, आणि नावाची दुरुस्ती माझ्या हातात नाही, कलम १५५ खाली तहसीलदारांचा आदेश लागतो. तहसीलमध्ये टेबलावरचे म्हणले अर्ज द्या, जुन्या हस्तलिखित सातबाऱ्याची नक्कल जोडा, फेरफाराची नक्कल जोडा, मग बघू. हेल्पलाइनवरची पोरगी लई गोड बोलली आणि म्हणली तुमच्या तहसील कार्यालयाशी संपर्क साधा. यातलं कुणी खोटं बोलत नव्हतं बरं का, हेच अवघड आहे. ज्याला आपल्या स्क्रीनवर जे दिसतं तेच तो सांगायला. पूर्वी साहेब अडवायचा तर निदान तो साहेब दिसायचा, त्याच्याशी भांडता यायचं, सरपंचाला घेऊन जाता यायचं, उपोषणाला बसतो म्हणून निवेदन देता यायचं. आता सिस्टीम घेत नाही म्हणलं की विषय संपला. सिस्टीमच्या दारात मंडप कुठं टाकायचा?

आणि बघा, चूक टाइप करणाऱ्याची, पण मजुरी बुडली चुलतीची, नकलांची फी भरली चुलतीनं, अर्ज "मा. महोदय, विनंती की" असा लिहिला चुलतीनं, जसं काही तिनंच काही मागितलंय. तो जुना सातबारा कुठं आहे? तहसीलच्याच रेकॉर्ड रूममध्ये. म्हणजे तुमच्या एका खोलीतला कागद तुमच्याच दुसऱ्या टेबलाला दाखवायसाठी आम्ही पैसे भरून आणायचा. वर म्हणलं ना लक्षात ठेवा म्हणून. निजामाच्या काळातला मोडी कागद शोधता येतो तर आपल्याच खात्यानं टाइप करताना केलेली चूक आपल्याच दप्तरावरून तपासता का येऊ नये? ज्यांचं आधार आणि सातबारा जुळत नाही त्यांची यादी तर सिस्टीमकडं आपोआप तयार आहे, कारण तिनंच त्यांना परत पाठवलंय. ती यादी गावनिहाय काढून तहसीलदारांना द्या आणि जिवंत सातबाऱ्यासारखी मोहीम लावा, लोकांनी अर्ज करायची वाट कशाला बघता.

आता याच्याच शेजारी दुसरं चित्र ठेवा. २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात पीकविमा आला आणि आमच्याच भागात गायरानावर, सरकारी जमिनीवर, देवस्थानच्या जमिनीवर विमे उतरवलेले सापडले, पेपरात आलं, विधानसभेत गाजलं, आमचा जिल्हा बदनाम झाला आणि शेवटी २०२५ ला एक रुपयाची योजनाच गुंडाळली. चोरी करणाऱ्यांना शिक्षा झालीच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण मला सांगा, गायरानाला सिस्टीम हो कशी म्हणली? आणि स्वतःच्या शेतात राबणाऱ्या चुलतीला नाही कशी म्हणली? कारण पहिल्याचे सगळे रकाने भरलेले होते आणि दुसरीचा एक रकाना जुळत नव्हता, एवढंच.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो ते सांगते. हे सगळं मागायचा हक्क तुम्हीच आम्हाला दिलाय. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. मी भरतीच्या अभ्यासात वाचला आणि वाचून चाटच पडले. अर्ज दिला की नंबर टाकलेली आणि किती दिवसांत काम होणार ते लिहिलेली पोच मिळाली पाहिजे. मुदतीत सेवा द्यायची, नाही द्यायची तर कारण लेखी द्यायचं. प्रत्येक सेवेला एक पदनिर्देशित अधिकारी, म्हणजे ते काम ज्यानं करायचं तो ठरवून दिलेला अधिकारी, त्याच्यावर पहिला अपिलीय अधिकारी, त्याच्यावर दुसरा, आणि त्याच्याही वर सेवा हक्क आयोग. पहिलं अपील ३० दिवसांत करायचं. अधिकाऱ्यानं पुरेसं कारण नसताना अडवलं तर त्याला ५०० ते ५००० रुपये दंड. इतका भारी कायदा आणि गावात विचारा, दहातल्या नऊ जणांना नाव पण माहीत नाही. कार्यालयाच्या बाहेर सेवांची यादी आणि मुदत लावायची हे पण कायद्यात आहे, तसे बोर्ड लागलेत, 'आपली सेवा आमचे कर्तव्य' असं पण लिहिलंय, फक्त काही ठिकाणी त्याच्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स चढलाय.

तुम्ही म्हणाल 'आपले सरकार' पोर्टलवर अपील करायची सोय आहे की. आहे, पण ती लॉगिनच्या आत आहे. आणि आमच्याकडं लॉगिन कुणाचं असतं? सेवा केंद्रवाल्याचं. तुमच्या पोर्टलला वाटतं अर्जदार म्हणजे ज्याच्याकडं स्वतःचा स्मार्टफोन आहे, ईमेल आहे, आणि निवांत बसायला तासभर आहे. खरा अर्जदार म्हणजे तालुक्याच्या गावाला शेअरिंग जीपनं आलेली बाई, जिच्या पिशवीत झेरॉक्स आहेत आणि जिला चारची गाडी पकडून परत जायचंय. फॉर्म केंद्रवाला भरतो, गर्दीत मोबाइल नंबर पण आपलाच टाकतो, कारण ओटीपी लवकर यावा. मग पुढं अर्जात त्रुटी निघाली, अर्ज परत आला, नामंजूर झाला, सगळे मेसेज त्याच्या फोनला. त्याच्याकडं असे ढीगभर मेसेज, तो कुणाकुणाला फोन करत बसणार. बाई महिन्यानं विचारायला येते तेव्हा कळतं की अर्ज कधीच परत आलाय, आणि अपिलाचे ३० दिवस कागदावर चालू होऊन संपत पण आलेले असतात.

सगळे केंद्रवाले चोर नाहीत, हे मी मुद्दाम लिहिते. पावतीवर एक फी आणि हातात घेतात दुसरी, हे चालतं, तुम्हाला माहीत आहे, आम्हाला माहीत आहे. पण बरेच जण बिचारे दिवसभर फायली लहान-मोठ्या करण्यातच मरतात. कागद ७५ केबीच्या खाली असला तरी पोर्टल घेत नाही आणि ५०० केबीच्या वर गेला तरी घेत नाही, फोटो तर ५ ते २० केबीमध्येच बसवायचा. अहो, आमचं पोरगं पन्नास मेगापिक्सेलचा मोबाइल घेऊन फिरतंय आणि तुम्ही २० केबीचा फोटो मागायलात! फाइल लहान करायचं काम सर्व्हरनं स्वतः करावं की. माणसाच्या मेहनतीचा एवढा भाग नुसता साइज जमवण्यात चाललाय.

शपथपत्राच्या स्टॅम्पचं पण तसंच. जात, उत्पन्न, रहिवासी अशा दाखल्यांना स्टॅम्प पेपर लागणार नाही, साध्या कागदावर शपथपत्र चालेल, हे मार्च २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांनी जाहीर केलं. निर्णय चांगला. पण अर्ज भरताना त्याच पानावर मोठ्या अक्षरात 'स्टॅम्प पेपर लागत नाही, कुणी मागितल्यास या नंबरवर कळवा' एवढी ओळ टाकायला काय जातं? पेपरातली बातमी दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. टेबलावरचा माणूस म्हणतो आमच्याकडं तसं पत्र आलं नाही, आणि पोराची ॲडमिशनची तारीख जवळ आली की बाप वाद घालत बसत नाही.

लाडकी बहीणच्या ई-केवायसीवर तर वेगळं पत्र लिहावं लागेल, पण त्यातली एक गोष्ट इथं सांगायलाच पाहिजे. २०२५ च्या सप्टेंबरात ती सक्तीची केली, बाईचं आधार, वर नवऱ्याचं नाहीतर बापाचं आधार, दोघांच्या आधारला जोडलेल्या नंबरावर ओटीपी. ज्या बाईचा नवराही गेला आणि बापही गेला तिनं कुणाचा नंबर टाकायचा, हा विचार फॉर्म बनवताना कुणालाच आला नाही, ते नंतर सुचलं, मग मृत्यूचा दाखला अंगणवाडी ताईंकडं द्या अशी वाट काढली. त्यात पुढं घरातलं कुणी सरकारी नोकरीत नाही, पेन्शन घेत नाही, अशा अर्थाचं वाक्य आणि त्याच्यासमोर होय, नाही. आता तुम्हीच सांगा, घरात कुणी नोकरीला नसलं तर काय दाबायचं? वाक्य खरं आहे म्हणून 'होय' दाबायचं. पण साधी बाई काय करणार, नोकरी म्हणल्यावर ती म्हणणार नाही बाबा, आमच्यात कोण नोकरीला, आणि दाबणार 'नाही'. झाली ती सरकारी नोकरदाराच्या घरची! माझ्या गल्लीतल्या बायांना मी ते वाक्य दोन-दोनदा वाचून दाखवलं तरी त्या माझ्याकडं संशयानं बघायच्या, की ही पोरगी मला खोटं का बोलायला लावायली. शेवटी चुका निस्तरायला अंगणवाडी सेविकांनाच पडताळणीला लावावं लागलं, म्हणजे मशीनचं काम परत माणसावर, ते पण ज्या बाईला आधीच पोषण ट्रॅकर ॲपवर अंगणवाडीच्या नोंदी भरायची कटकट आहे तिच्यावर. 'घरात कुणी सरकारी नोकरीत आहे का?' एवढं साधं विचारलं असतं तर? फॉर्म लाइव्ह करायच्या आधी तो गावातल्या पाच बायांकडून भरून बघायचा, बस. त्याला ना टेंडर लागतं ना कन्सल्टंट.

आणि तारखा. साहेब, तुमचं कॅलेंडर मुंबईत छापतात का हो? आमच्या जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, कोल्हापूर, सांगली, सातारा, खाली कर्नाटकात, नवरा-बायको मिळून एक कोयता, लहान लेकरं सोबत, म्हातारी माणसं गावात. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मार्च-एप्रिलला परत. ही नवीन गोष्ट नाही, सरकारनं या कामगारांसाठी महामंडळ काढलंय, ओळखपत्रं दिलीत, म्हणजे तुम्हाला माहीत आहे. तरी लाडकी बहीणची केवायसी लागली सप्टेंबरात आणि वाढून वाढून गेली ३१ डिसेंबरपर्यंत, म्हणजे निम्मी मुदत टोळी फडात असताना. फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, चार्जिंग नाही, आधारला जोडलेलं सिम कधीच बंद पडलेलं, नवीन नंबर जोडायचा तर आधार केंद्र गाठा, म्हणजे एक दिवसाची तोड बुडवा आणि मुकादमाची बोलणी खा. अंगठा द्यायचा म्हणलं तर पाचट आणि कोयत्यानं बोटांची सालटी निघालेली, रेषा उमटत नाहीत. पीएम किसानला जून २०२३ मध्येच चेहरा दाखवून केवायसी करायची सोय आली, मग जिथं जिथं अंगठा आणि ओटीपी मागता तिथं सगळीकडं चेहऱ्याची सोय पहिल्या दिवसापासून का नसते, शेवटच्या आठवड्यात का येते? आणि बीड जिल्ह्यासाठी, आजूबाजूच्या ऊसतोडीच्या तालुक्यांसाठी कुठलीही केवायसी मे ते ऑगस्टमध्ये घ्या. पेरणीची गडबड असते, पण माणूस निदान गावात असतं.

त्याच सप्टेंबरात आमच्याकडं आभाळ फाटलं होतं. नद्या शेतातून गेल्या, सोयाबीन उभ्याउभ्या सडलं, धाराशिव, बीड, लातूर, नांदेड, जालना, सगळीकडं तेच. सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. मग पंचनाम्याच्या याद्या, यादीत नाव आल्यावर व्हीके नंबर (विशिष्ट क्रमांक), नंबर घेऊन केंद्रावर केवायसी, मग खात्यात पैसे. त्यात ज्यांचा फार्मर आयडी आहे त्यांना केवायसीतून सूट दिली, हा निर्णय एकदम बरोबर होता, एकदा ओळख पटवली की परत परत पटवायची नाही. असंच करत जा. पण परत तेच, सूट कुणाला, तर ज्याचं सगळं जुळतं त्याला. ज्याचा आयडी नावाच्या घोळात अडकलाय त्याचं शेत पाण्यात गेलं आणि पैसे पण घोळात गेले, आणि जवळपास सगळा पैसा ज्या आयडीवरून जाणार त्या आयडीच्या नकारावर दाद कुठं मागायची हे कुठं लिहिलेलं नाही.

म्हणून माझं मागणं फार मोठं नाही. नवीन ॲप नको. जिथं जिथं तुमचं पोर्टल 'नाही' म्हणतं, अर्ज परत पाठवतं किंवा पेंडिंग ठेवतं, तिथं त्याच स्क्रीनवर मराठीत लिहून येऊ द्या की कारण हे, हे दुरुस्त करायचा अधिकार अमुक कार्यालयातल्या अमुक पदावरच्या अधिकाऱ्याला, त्याला इतके दिवस, आणि त्यानं नाही केलं तर इथं दाबा, अपील आपोआप दाखल. त्याची एक प्रिंट निघू द्या, शिक्क्याची गरज नाही, सातबाऱ्यासारखीच डिजिटल सही चालेल. ती प्रिंट घेऊन चुलती तहसीलमध्ये गेली तर तिला कुणी दुसऱ्या टेबलाकडं पिटाळू शकणार नाही. मोबाइल नंबर अर्जदाराचा, तिच्याकडं नसला तर घरातल्या कुणाचा, पण केंद्रवाल्याचा नंबर एका मर्यादेपलीकडं पोर्टलनं घेऊच नये, एकच नंबर शेकडो अर्जांना कसा हे तर कॉम्प्युटरला सगळ्यात आधी कळायला पाहिजे.

दुसरं, लोकसेवा हक्काचा कायदा फक्त अधिसूचित, म्हणजे सरकारनं यादी काढून जाहीर केलेल्या सेवांना लागू होतो. मग इथून पुढं कुठलाही नवीन आयडी, कुठलीही केवायसी सक्तीची करायची तर आधी ती सेवा म्हणून अधिसूचित करा, मुदत ठरवा, अधिकारी ठरवा, आणि मगच सक्ती लावा. आमच्यावर शेवटची तारीख आणि तुमच्यावर कुठलीच तारीख नाही, हे बरोबर आहे का?

व्हॉट्सॲपवर सेवा आणायचं ठरलंय, फेब्रुवारी २०२५ मध्ये मेटा कंपनीसोबत करार पण झाला, चांगलंय, आमच्याकडं व्हॉट्सॲप आज्जीला पण येतं. पण आज्जी टाइप करत नाही, ती बोलून पाठवते. त्यामुळं 'सेवा निवडण्यासाठी १ टाइप करा' असलं काही करून ठेवू नका, तिचा व्हॉइस मेसेज कळला पाहिजे, आणि तो पण आमच्या बोलीतला, "माझं नाव चुकलंय ते नीट करायचंय, काय करू" असा. शेतीच्या सल्ल्याला महाविस्तार ॲपमध्ये एआय आणलंत, मग त्याच एआयला आधी 'तुमचा अर्ज का अडकला' हे सांगायला शिकवा, सोयाबीनवरच्या अळीचं आम्ही कृषी सेवा केंद्रात विचारू.

आणि ते आकडे. सरकारी कार्यालयं सुधारायचा १०० दिवसांचा कार्यक्रम झाला, १५० दिवसांचा झाला, कुठलं कार्यालय पहिलं आलं, कुणाची वेबसाइट भारी, सत्कार झाले, फोटो आले. काही कार्यालयं त्या निमित्तानं खरंच सुधारली, पाण्याचा जार आला, बसायला खुर्च्या आल्या, नाकारत नाही. पण पुढच्या वेळी मार्क देताना किती अर्ज आले, किती निकाली निघाले हे विचारू नका, कारण परत पाठवलेला अर्ज पण निकालीच धरला जातो. किती जणांना नाही म्हणलं, त्यातल्या कितीजणांना कारण लेखी दिलं, किती अपिलं झाली आणि कायद्यातला तो ५०० रुपयांचा दंड जिल्ह्यात कितीजणांना लागला, हे तालुकानिहाय जाहीर करा. छत्रपती संभाजीनगर विभागाचे आठही जिल्हे एका पानावर येतील. आम्हाला पण बघू द्या आमचा तालुका कितवा येतो.

यातलं मोठं काम एका झटक्यात होणार नाही हे मला कळतं. पण स्क्रीनवर कारण, अधिकाऱ्याचं पद आणि मुदत दाखवायला नवीन कायदा लागत नाही, आहे तोच पोर्टलवर उतरवायचाय. त्यासाठी तुम्हाला आमच्याकडून शेवटची तारीख, यंदाच्या टोळ्या गाव सोडायच्या आत. मुदतवाढ पाहिजे असली तर अर्ज करा, कारण लेखी द्या, फोटो २० केबीच्या आत ठेवा, आणि तुमच्याकडून पदनिर्देशित अधिकारी कोण तेवढं कळवा.

आपली,
बीड जिल्ह्यातली एक अर्जदार, म्हणजे अर्जदारांची ओटीपीवाली